बंद कॅबिनेटला जाळी आणि पंखे : दिवाळी ते पावसाळा, इंदूरच्या हवेतील अनुभव

गेल्या दिवाळीनंतर मी माझ्या संगणकाच्या मिड-टॉवर (मध्यम आकाराच्या उभ्या) कॅबिनेटचा पुढचा बंद पत्रा कापून तेथे जाळी व १४० मिलिमीटरचे दोन पंखे बसवले, छताला प्रोसेसर द्रवाने थंड करणाऱ्या २४० मिलिमीटरच्या रेडिएटरसाठी जागा केली, बाजूला ॲक्रिलिकचे दार लावले आणि ग्राफिक्स कार्ड उभे केले. थंडीत सारे उत्तम चालले. मात्र अशा बदलांचा अभिप्राय थंडीत देऊ नये असे माझे ठाम मत आहे, कारण खोलीचे तापमान जितके अंश वाढते, जवळपास तितकेच आतल्या भागांचेही वाढते, आणि माळव्यातला मे महिना थंडीतील आकडे निरुपयोगी ठरवतो.

पत्रा कापणे हा सर्वांत सोपा भाग होता. १४० मिलिमीटरच्या पंख्याच्या स्क्रूंमधील अंतर १२४.५ मिलिमीटर असते. तेवढे नेमके आखले की बाकीचे काम होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) आणि कानस करतात. रेडिएटर मात्र अडला. तो २७ आणि त्याचे पंखे २५, अशी एकूण ५२ मिलिमीटर जाडी छताखाली उतरते आणि रॅमच्या उंच पट्ट्यांवर आदळते. त्यामुळे छताचे छिद्र मदरबोर्डापासून (संगणकाच्या मुख्य सर्किट बोर्डापासून) दूर, दाराच्या बाजूला सरकवावे लागले.

सर्वाधिक त्रास पावडर कोटिंगने दिला. सांवेर रोडवरील एका कारखान्यात सुटे भाग रंगवून घेतले. ही पूड भट्टीत १८० ते २०० अंशांवर वितळून पक्की होते. थर टिकाऊ असतो, पण तो विजेला अडवतो आणि आट्यांत भरून बसतो. भोके झाकण्याची सूचना देऊनही ती उघडीच राहिली. कॅबिनेटमध्ये दोन मापांचे आटे असतात : मदरबोर्डाच्या खुंट्यांना बहुधा मेट्रिक मापाचे एम-३, आणि पॉवर सप्लायला इंची मापाचे ६-३२. पहिल्याचे आटे अर्ध्या मिलिमीटरवर, तर दुसऱ्याचे सुमारे ०.८ मिलिमीटरवर असल्याने एकाचा स्क्रू दुसऱ्यात रेटला की आटा कायमचा जातो. एम-३ चे आटे पाडण्याचा टॅप इंदूरच्या सियागंज बाजारात सहज मिळाला, ६-३२ चा बाहेरगावाहून मागवावा लागला. त्याहून गंभीर गोष्ट मल्टीमीटरने दाखवली : पुढच्या चौकटीचा अर्थिंगशी संबंधच उरला नव्हता. सांध्यांवरचा रंग खरवडून दातेरी वॉशर घातल्यावरच यंत्र सुरू केले. ही तपासणी कोणीही टाळू नये.

ॲक्रिलिकच्या दाराला उन्हाळ्यात एका कोपऱ्यातील भोकापासून तडा गेला. वीस अंशांच्या फरकाने ४५ सेंटिमीटरचे ॲक्रिलिक साधारण ०.६ मिलिमीटर वाढते, पोलाद जेमतेम ०.१, चारही कोपरे घट्ट आवळलेले असतील तर हा ताण भोकाच्या कडेवरच येतो. दुसऱ्या दाराची भोके स्क्रूपेक्षा दीड मिलिमीटर मोठी ठेवली, रबरी वॉशर घातले, आणि ते केवळ साबणाच्या पाण्याने पुसतो, कारण ताणाखालील ॲक्रिलिकवर स्पिरिटमुळे बारीक चिरा पडतात.

उभ्या ग्राफिक्स कार्डाला मदरबोर्डाशी जोडणारी रायझर केबल पीसीआय एक्स्प्रेस या जोडणीच्या तिसऱ्या पिढीच्या वेगाची होती आणि कार्ड चौथ्या पिढीचे, म्हणून मध्येच पडदा काळा होई. बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेग तिसऱ्या पिढीवर आणताच तो दोष गेला. तरीही दाराला चिकटलेल्या कार्डाच्या पंख्यांना हवा अपुरी पडत होती. मे महिन्यात कार्ड पुन्हा आडवे केले. दिसायला तो बदल सुंदर होता, पण येथे टिकण्यासारखा नव्हता.

धुळीविषयी थोडे सविस्तर लिहितो. पुढच्या जाळीमागे नायलॉनची बारीक गाळणी आहे, आणि ती लावताच आत येणारी हवा घटते. वरचे व मागचे पंखे पूर्ण वेगाने हवा बाहेर ओढत असतील तर उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक फटीतून न गाळलेली हवा आत शिरते. मागच्या फटींजवळ उदबत्ती धरून पाहिली, तर धूर आत ओढला जात होता. मागचा पंखा सावकाश करून धूर बाहेर ढकलला जाईपर्यंत वेग जुळवले, तेव्हापासून मदरबोर्डावरची धूळ लक्षणीय कमी झाली. उन्हाळ्यात गाळणी दर आठवड्याला धुवावीच लागते.

पहिल्या पावसानंतर छताच्या कापलेल्या कडेवर गंजाची बारीक रेघ आली. तीक्ष्ण कडेवर पावडरचा थर पातळ बसतो, म्हणून कडा कानशीने गोलसर करून तेथे जस्ताचा प्रायमर लावला.

दार आता काचेचे करायचे ठरवले आहे. टेम्पर्ड काचेला नंतर भोके पाडता येत नाहीत, ती फुटते. तेव्हा कापण्यापूर्वीच मापांचा कागदी साचा काचवाल्याकडे दिला आहे, आणि त्यातही भोके स्क्रूपेक्षा मोठीच आखली आहेत.