प्रोसेस मॅक्रो: नंबर टाकण्याआधी कागदावर बाण काढा

एका गोष्टीचा परिणाम दुसरीमार्फत तिसरीवर होतो का, आणि तो कधी कमी-जास्त होतो, हे तपासायला अँड्र्यू हेझ यांचा प्रोसेस मॅक्रो (तयार आज्ञांचा संच) मी एसपीएसएस या सांख्यिकीच्या सॉफ्टवेअरमध्ये वापरते आणि माझ्याकडे पीएचडी करणाऱ्यांनाही तोच वापरायला लावते. मॅक्रो फुकट आहे. एसपीएसएस फुकट नाही, पण त्याकडे नंतर येते.

सध्या हाताशी नर्सेसवरचा एक प्रबंध आहे. कामाच्या ताणाने थकवा येतो, थकव्यातून नोकरी सोडायचा विचार डोकावतो, आणि वरिष्ठांचा आधार असेल तर या सगळ्याची तीव्रता कमी होते. सिनॉप्सिसमध्ये हे वाक्य छान दिसतं. पण आधाराचं काम चालतं कुठे? ताण असूनही थकवा कमी येतो, की थकवा तेवढाच येतो पण माणूस नोकरीला टिकून राहतो? प्रोसेसमध्ये अशा प्रत्येक मांडणीला नंबर आहे: पहिलं असेल तर मॉडेल ७, दुसरं असेल तर मॉडेल १४, दोन्ही असेल तर ५८. ताणापासून थेट नोकरी सोडण्याकडे जाणाऱ्या बाणावरही आधाराचा परिणाम धरला, तर हेच अनुक्रमे ८, १५ आणि ५९ होतात.

"मॅडम, सात आणि चौदा दोन्ही रन करते, जे सिग्निफिकंट येईल ते ठेवू." हे वाक्य मला दरवर्षी कुणी ना कुणी ऐकवतं. (सिग्निफिकंट म्हणजे निव्वळ योगायोगाने आला असं सहज म्हणता येणार नाही असा निकाल.) मॅक्रो यात आडवा येत नाही. त्याला चल (म्हणजे मोजलेल्या गोष्टी) आणि मॉडेलचा नंबर दिला की तो गणित करून मोकळा होतो. म्हणून माझ्याकडे नियम आहे: आधी कागदावर बाण काढून आणायचे, त्याशिवाय लॅबमधला संगणक सुरू करायचा नाही.

गणित मात्र चोख. पूर्वी बॅरन आणि केनी यांच्या १९८६ च्या पायऱ्या चढायच्या आणि वर सोबेल टेस्ट लावायची. त्या टेस्टमध्ये अप्रत्यक्ष परिणामाचं (इथे ताणाचा थकव्यामार्फत होणारा) वितरण नॉर्मल, म्हणजे घंटेच्या आकाराचं, धरलेलं असतं. पण तो परिणाम म्हणजे दोन बाणांच्या गुणांकांचा गुणाकार, आणि गुणाकाराचं वितरण बहुधा तिरकं असतं. प्रोसेस तुमच्याच डेटातून पुन्हा पुन्हा नमुने उचलतो, आपण वेगळं न सांगितल्यास ५००० वेळा, आणि त्यावरून कॉन्फिडन्स इंटरव्हल (परिणामाच्या अंदाजाचा पट्टा) काढतो. नमुने यादृच्छिक असल्याने दर वेळी दशांशात थोडा फरक पडतो. सीड (यादृच्छिक निवड जिथून सुरू होते तो आकडा) ठरवून द्या, म्हणजे व्हायवाच्या आदल्या रात्री आकडे बदलले म्हणून घाबरायला होणार नाही.

मला सगळ्यात आवडणारी ओळ आउटपुटच्या तळाशी असते: इंडेक्स ऑफ मॉडरेटेड मीडिएशन. आधार कमी, मध्यम आणि जास्त असताना अप्रत्यक्ष परिणाम किती, हे प्रोसेस आधी दाखवतो (आपण वेगळं न सांगितल्यास १६, ५० आणि ८४ या शतमानांवर). बहुतेक जण तिथेच थांबतात. कमी आधाराला परिणाम सिग्निफिकंट, जास्त आधाराला नाही, झालं सिद्ध! तसं नसतं. एक सिग्निफिकंट आणि दुसरा नाही, यावरून त्या दोघांतला फरक सिग्निफिकंट ठरत नाही. तो फरक तपासायला हेझ यांनी २०१५ मध्ये हा इंडेक्स मांडला. त्याच्या इंटरव्हलमध्ये शून्य आलं, तर आधारामुळे अप्रत्यक्ष परिणाम बदलतो असा दावा करता येत नाही. मॉडेल ५८ मध्ये हा एकच आकडा शोधत बसू नका. तिथे दोन्ही बाणांवर मॉडरेटर (परिणाम कमी-जास्त करणारा चल, इथे आधार) असल्याने परिणाम सरळ रेषेत न बदलता वक्राने बदलतो.

आता तक्रारी. एसपीएसएसमध्ये चलाचं नाव आठ अक्षरांपेक्षा लांब असेल तर मॅक्रो कुरकुरतो. प्रश्नावलीची लांबलचक नावं तशीच ठेवणाऱ्यांना सगळं नव्याने बसवावं लागतं. आउटपुट म्हणजे निव्वळ मजकूर, तक्ते हाताने बनवायचे. ज्या ओळीत एकही उत्तर रिकामं आहे ती अख्खी ओळ गळते, आणि किती गळल्या ते तळाच्या नोटेत येतं, जी कुणी वाचत नाही. सुप्त चलंही (थेट न मोजता अनेक प्रश्नांतून अंदाजलेली) चालत नाहीत: थकव्याचे सगळे प्रश्न सरासरी काढून एक आकडा करूनच द्यायचे, मापनातली चूक त्यात तशीच राहते. गाईडने स्ट्रक्चरल इक्वेशन मॉडेल (ज्यात सुप्त चलं चालतात) मागितलं असेल तर एमॉस हे सॉफ्टवेअर किंवा आर या सांख्यिकीच्या भाषेतलं लावान गाठा.

एसपीएसएसचं लायसन्स नसेल तर प्रोसेस आरमध्येही चालतो. कोड बघून धडकी भरणाऱ्यांसाठी अॅमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेलं जास्प आहे. तेही फुकट, त्यात प्रोसेस नावाचं मॉड्यूल आहे, हेझ यांचे नंबरही चालतात आणि बाणांची आकृती समोर उमटते. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी हल्ली तेच दाखवते, कारण आकृती पाहिल्यावर "आधार इथे कशाला जोडलाय?" हा प्रश्न त्यांचा त्यांनाच पडतो. मात्र जास्प आतून लावान वापरतं, त्यामुळे एसपीएसएसशी आकडे शेवटच्या दशांशापर्यंत जुळतील अशी अपेक्षा ठेवू नका.

आणि नर्सेसचे फॉर्म एकाच दिवशी भरून घेतलेत. ताणामुळे थकवा की थकव्यामुळे ताण, हे त्यावरून कुठलंही सॉफ्टवेअर सांगणार नाही. मर्यादांच्या प्रकरणात ते लिहायला मी प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीला सांगितलंय.