अठरा विधानं आणि फाटकावरचे काका

पर्यायी हायस्कूलमध्ये शिकवायला लागून मला तीन वर्षं झाली. नापास झालेली, नाव काढलेली, मध्येच शाळा सुटलेली मुलं आमच्याकडे येतात. ‘मुलांना इथे आपलं वाटतं का?’ असं कुणी विचारलं की आम्ही छातीठोकपणे ‘हो’ म्हणायचो. यंदा म्हटलं, मोजून तरी बघू.

त्यासाठी ‘सायकॉलॉजिकल सेन्स ऑफ स्कूल मेंबरशिप’ ही प्रश्नावली घेतली. कॅरोल गुडनाऊ यांनी ती १९९३ मध्ये मांडली. एका कागदात मावते. अठरा विधानं आणि प्रत्येकापुढे पाच चौकटी, ‘अजिबात खरं नाही’पासून (१ गुण) ‘अगदी खरं’पर्यंत (५ गुण). भाषांतर आम्हीच केलं, तेव्हा पुढे जे घोळ सांगते आहे त्यातले बरेच आमच्याच पदरचे.

पाच विधानं नकारार्थी आहेत, त्यांचे गुण उलटे धरायचे. हे मी पहिल्या दिवशी साफ विसरले. एकाला ९० पैकी ९० पडले, माझा ऊर भरून आला. मग लक्षात आलं की पठ्ठ्याने काहीही न वाचता सगळीकडे शेवटची चौकट भरली होती. नियमाने ७० होतात, आणि त्या ७०लाही काही अर्थ नाही. उलटी विधानं ठेवायची ती याचसाठी, हे तेव्हा पटलं.

कागदावर नाव लिहायचं नव्हतं. पण एवढ्याशा शाळेत अक्षर ओळखू येतंच, आणि हिरव्या शाईचं पेन वापरणारी एकच आहे. ती ‘मी इथल्या बहुतेक मुलांपेक्षा फार वेगळी आहे’ या विधानापाशी अडली. भरलं, खोडलं, पुन्हा भरलं. मग म्हणाली, “ताई, वेगळं असणं चांगलं की वाईट?” प्रश्नावलीच्या हिशेबात ते उणं. आमच्याकडे मात्र सगळेच कुठून ना कुठून वेगळे ठरून आलेले, आणि इथे त्याबद्दल कुणी टोकत नाही. तिने खुशीत ‘अगदी खरं’ भरलं आणि पाचाऐवजी एक गुण पदरात पाडून घेतला. ‘दुसऱ्या शाळेत असतो तर बरं झालं असतं’ याचंही तेच. एकाने ५ दिले, कारण त्याचे जुने मित्र अजून जुन्या शाळेत आहेत. आमच्यावर त्याचा काहीच राग नाही.

म्हणून बेरजेच्या फंदात मी आता पडत नाही. एकेक विधान सुटं वाचते.

त्यातलं सोन्यासारखं विधान म्हणजे अडचण आली तर जिच्याशी बोलता येईल अशी एक तरी मोठी व्यक्ती शाळेत आहे का. मुळात ‘शिक्षक किंवा इतर कुणी मोठं’ असं आहे. आम्ही शहाणपणा करून नुसतं ‘शिक्षक’ ठेवलं. एका मुलाने ‘शिक्षक’ खोडून वर ‘वॉचमन काका’ लिहिलं आणि पुढे ५ दिले. मुलांना आधार कुणाचा, यावर आम्ही दोन बैठका घेतल्या होत्या आणि काकांचं नावसुद्धा निघालं नव्हतं! उशिरा येणाऱ्याला फाटकावर पहिला शब्द त्यांचा ऐकू येतो, तोही रागाचा नसतो.

घ्यावी का? घ्यावी. मोठमोठ्या मुलाखतींतून जे निघत नाही ते इथे पंधरा मिनिटांत निघतं. वाचायला अडखळणाऱ्यांना मात्र विधानं मोठ्याने वाचून दाखवा.

एक पंचाईत कुठलीही प्रश्नावली सोडवत नाही. त्या दिवशी ३१ पैकी २२ मुलं हजर होती. ज्यांना इथे सगळ्यात कमी आपलं वाटतं, ती बहुधा उरलेल्या नवांतच असणार. त्यांचे कागद माझ्या कपाटात कोरे पडून आहेत. पुढच्या खेपेला एकाच दिवशी उरकणार नाही, आठवडाभर चालू ठेवीन. आणि थोडे कागद काकांकडे देऊन ठेवीन.