कर की भाषा? अमेरिका आणि बांगलादेश
बडोद्यात दांडिया बाजारातल्या घरी जेवणं उरकल्यावर भाच्यानं विचारलं, "मामा, नवा देश कशापायी होतो?"

अमेरिकेत ठिणगी कराची. १७६५ चा स्टॅम्प कायदा, म्हणजे ब्रिटननं वसाहतींच्या कागदपत्रांवर लावलेला कर, मग १७७३ मध्ये बोस्टनच्या बंदरात ३४२ पेट्या चहा पाण्यात. ब्रिटिश संसदेत आमचा माणूस नाही, तर कर कसला?

बांगलादेशातही पैसा होताच. तेव्हा तो पूर्व पाकिस्तान. पूर्वेच्या तागाची कमाई पश्चिम पाकिस्तानकडे जाई. १९७० ची निवडणूक जिंकूनही पूर्वेला सत्ता मिळाली नाही. पण मुळाशी भाषा. २१ फेब्रुवारी १९५२ ला ढाक्यात विद्यार्थी बांगला भाषेसाठी गोळ्या झेलून पडले. अमेरिकेत हा प्रश्नच नव्हता, राज्यकर्त्यांची भाषा तीच वसाहतींची.

बाहेर गुजराती आणि उंबऱ्याच्या आत मराठी बोलणाऱ्या मला भाषेचं कारण जास्त खोल वाटतं. भाच्यानंही वहीत आधी १९५२ लिहिलं.