तुळशीबाग: भाव करणाऱ्यांसाठी पाचपैकी साडेतीन तारे

तुळशीबागेच्या बाजारात सांगतील त्याच्या निम्म्यावर मागायचं, हा सल्ला पुण्यात प्रत्येकीला कुणी ना कुणी दिलेला असतो. माझ्या मते तो आता बाद झाला आहे. निम्म्यावर मागणारे येणार हे विक्रेत्याला आपल्याआधी माहीत असतं आणि त्या हिशेबानेच तो पहिला आकडा सांगतो. तुम्ही निम्म्यावर आलात की तो जरा कुरकुरतो, "घ्या ताई, तुमच्यासाठी" म्हणतो आणि दोघंही खुशीत. फक्त त्याची खुशी जास्त खरी.

सध्या भाचीच्या रुखवताची खरेदी माझ्याकडे आहे. तिच्या आईला कुणी तीनशे सांगितले की ती "बरं" म्हणून पर्स उघडते, म्हणून तिला घरी ठेवलं जातं. त्या निमित्ताने सगळी बाग नव्याने पालथी घातली. मंडईपर्यंत मेट्रो आल्यापासून (२०२४ चा सप्टेंबर संपता संपता) गाडी कुठे लावायची हे रडगाणं संपलंय, त्यामुळे घाई नसते. आणि घाई नसणं ही भाव करण्यातली निम्मी ताकद आहे. लक्ष्मी रस्त्यावर गाडी वेडीवाकडी लावून आलेल्या बाईचा जीव तिकडे अडकलेला असतो आणि ते विक्रेत्याला बरोबर कळतं.

आधी बाहेरच्या गल्लीबद्दल. कानातली, क्लिपा, रुमाल, पर्सा, गाळण्या. इथे कशावरच किंमत छापलेली नसते, म्हणून सगळं बोलण्यावर. आपला आकडा आधी सांगायचा नाही, हा माझा एकमेव कडक नियम. "तुम्ही बोला काकू, किती देणार?" असं तो विचारतो तेव्हा "माल तुमचा, भाव तुम्ही सांगा" एवढंच म्हणायचं आणि वस्तू उलटी करून बघत बसायचं. झुमक्याची मागची दांडी वाकते का, मोत्यांच्या सरीत गोंद दिसतो का, क्लिपेची स्प्रिंग दोनदा दाबली की सैल पडते का. हे नाटक म्हणून करू नका, खरंच बघा. खोट सापडली तर भाव आपोआप उतरतो, नाही सापडली तर चार पैसे जास्त द्यायला काही वाटत नाही.

अलीकडे खरी गंमत आणली आहे ती पैसे आल्याचं ओरडून सांगणाऱ्या डब्याने. पूर्वी शेजारची बाई काय भावाने घेऊन गेली हे कळायला मार्ग नव्हता. आता डबाच जाहीर करतो. मी एका स्टॉलवर झुमके हातात घेऊन उभी होते. मला अडीचशे सांगितलेले, "शेवटचं सांगा"वर दोनशे वीसपर्यंत आलेले. तेवढ्यात शेजारच्या कॉलेजच्या मुलीने अगदी तसेच झुमके घेतले आणि डबा खणखणीत आवाजात म्हणाला, "एकशे सत्तर रुपये प्राप्त झाले." मी विक्रेत्याकडे बघितलं, त्याने डब्याकडे.

"ती रोजची आहे काकू."

"मग मीही उद्यापासून रोज येते."

हसला बिचारा. "रोख देणार असाल तर एकशे साठ करतो, हा डबा नको मधे." तेव्हा माझा सल्ला असा की गल्लीत शिरल्या शिरल्या काही विचारू नका. दहा मिनिटं नुसत्या फिरा आणि डबे ऐका. हुशार विक्रेत्यांनी आवाज बारीक केलाय म्हणा, पण सगळ्यांनी नाही.

आत राममंदिराच्या आवारात गेलात की खेळ पूर्ण बदलतो. नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी उभारलेलं हे पेशवाईतलं देऊळ. आवारात पितळ, तांबं, पूजेची उपकरणी, भातुकली. इथे निम्म्यावर मागितलंत तर दुकानदार उत्तरही देणार नाही, पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळेल, आणि मी म्हणते त्याचं बरोबरच आहे. परात, घंगाळं, तांब्या हे वजनावर जातं. धातूचा भाव त्या दिवसाचा असतो, त्यात तो फार काही सोडू शकत नाही. हात मारायचा तो मजुरीवर. म्हणून किंमत विचारू नका, "किलोचा भाव काय आणि त्यात मजुरी किती?" असं विचारा. एवढं विचारलं की समोरचा माणूस जरा सावरून बसतो. घरातली जुनी पितळी भांडी मोडीत देणार असाल तर मोडीचा भाव आणि घट (वजनातून कापतात ती) किती धरणार हे नवीन भांडं पसंत करण्याआधी ठरवा. एकदा परात आवडली असं तोंडावर दिसलं की घट वाढते.

जवळ चुंबक ठेवा. पितळेला तो चिकटत नाही. चिकटला तर आत लोखंड आहे, वर नुसता मुलामा. जर्मन सिल्व्हरच्या ताटाला "चांदीसारखंच" म्हणतात, पण त्यात चांदी औषधालाही नसते. तांबं, निकेल आणि जस्त. त्या हिशेबाने भाव करा.

पैसे सुटत नसतील तर वस्तूत सोडवून घ्या. स्वयंपाकाच्या पातेल्यावर आतून कल्हई करून मागा, समईबरोबर वाती-काकडा मागा, ताटाबरोबर वाटी. शंभर रुपये कमी करायला ज्याचा जीव जातो तो कल्हईला पटकन हो म्हणतो.

भातुकली मात्र नगावर. पाण्याच्या बंबाची वीतभरही नसलेली पितळी प्रतिकृती घेतली, तिची चिमुकली तोटी खरोखर फिरते. जातं, शेगडी, पोळपाट, खलबत्ता असं एकदम घेतलं म्हणून एकूण बिलावर सूट मिळाली. एकेका नगावर घासाघीस केली असती तर मिळाली नसती. सगळं निवडून काउंटरवर मांडा आणि मग एकदाच बोला.

दीड तारा कापला तो एका दुकानामुळे. नाव घेत नाही. लाकडी मुठीची पितळी किटली मुठीसकट तराजूत ठेवली आणि सगळ्याचं वजन पितळेच्या भावाने लावलं. मूठ काढून तोला म्हटलं तर "सगळे असंच देतात" हे उत्तर. सगळे देत नाहीत. दोन दुकानं सोडून तिसऱ्याने न सांगता मूठ काढली. वर बहुतेक ठिकाणी "विकलेला माल परत घेतला जाणार नाही"ची पाटी, आणि पक्कं बिल मागितलं की चेहरा पडतो.

पाकीटबंद मालावर छापील किंमत ही वरची हद्द असते, त्याहून जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला मात्र कुणाची बंदी नाही. तरी "एकच भाव" पाटीखाली वाद घालत उभ्या राहू नका. आणि मंडईबाहेर कोथिंबिरीची जुडी घेऊन बसलेल्या मावशींशी पाच रुपयांसाठी हुज्जत घालणाऱ्या बायकांचं मला नवल वाटतं. झुमक्यांवर नव्वद सोडवलेत ना, मग पुरे. आपण मागितलेल्या भावाला विक्रेता "हो" म्हणाला आणि मग "नको, बघते पुढे" म्हणून निघालात, तर पुढच्या वेळी त्याच्याकडे जाऊ नका. तो लक्षात ठेवतो.

गौरीचे मुखवटे घ्यायचे असतील तर श्रावण लागताच घ्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात तिथे भाव होत नाही, कारण तुमच्या मागे चौघी उभ्या असतात. सकाळी दुकान उघडताना गेलात तर भवानीच्या गिऱ्हाइकाला सहसा रिकाम्या हाताने परत पाठवत नाहीत, पण त्या वेळी तुम्हीही नुसतं बघायला जाऊ नका.