रिंग फिरवली तेव्हाच कळायला हवं होतं

जुने सांगून चाकू विकणाऱ्या एकाने फसवलं, माझे 38,500 रुपये गेले. आधी 5,000 टोकन, मग दोन चाकूंचे 21,500, आणि त्याच रात्री उरलेल्या तीन चाकूंसाठी 12,000. सगळे यूपीआयने, माझ्याच हाताने. घरी पूर्ण आकडा अजून सांगितलेला नाही. इथे सांगतोय, कारण हा माणूस इंदूरमध्येच फिरतोय आणि मराठी घरंच गाठतोय.

मी नवखा नाही. लाकडी मुठीचे घडीचे चाकू एकोणीस वर्षं जमवतोय, आजवर 41 झालेत. म्हणूनच लाज जास्त वाटते.

ऑनलाइन ग्रुपवर या विकणाऱ्याशी ओळख झाली. आपली इंदुरी मराठी, वाक्यागणिक ‘काका’. आजोबा इंदूरजवळच्या महूच्या लष्करी छावणीत स्टोअरला होते आणि 1947 साली साहेबाने जाताना लाल मखमलीच्या डब्यात पाच चाकू दिले, असं त्याने सांगितलं. महूच्या जुन्या घरांतून अशा वस्तू खरंच निघतात, मी स्वतः एक घेतलेली आहे. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हालाही पटलं असतं.

छप्पन दुकान या खाऊगल्लीजवळ संध्याकाळी भेटलो. डबा टेबलाखालीच उघडला. “काका, वर नका काढू, कोणी बघेल.” जो माणूस माल उजेडात बघू देत नाही, त्याच्यासमोरून तिथेच उठा. मी उठलो नाही.

पहिला चाकू ओपिनेल या फ्रेंच कंपनीचा, आठ नंबर. बीचच्या लाकडाची मूठ, पात्यावर मुकुटधारी हात. त्याने पातं मिटलं, मुठीच्या टोकाची, पातं अडकवणारी ती नेहमीची स्टीलची रिंग फिरवली आणि चाकू माझ्या तळहातावर ठेवला. मी अंगठ्याने रिंग उलटी फिरवली, पातं उघडलं, मिटलं, पुन्हा रिंग फिरवली. टक. पातं अडकलं. ओपिनेल 1890 पासून चाकू बनवतात हे मला माहीत आहे. उघडं पातं अडकवणारी रिंग आली 1955 मध्ये, हेही माहीत आहे. मिटलेलं पातं अडकवणारी रिंग तर 2000 पासूनची. 1947 ला गेलेल्या साहेबाकडे ती कुठून येणार? हे सगळं पाठ असूनही मी तो चाकू खिशात घातला! दिवसभर कामाने थकलो होतो, वर उज्जैनहून दुसरं गिऱ्हाईक येतंय असं तो दर पाच मिनिटांनी सांगत होता. तरीही रिंग माझ्या हातात होती. आठवलं की अजून अंग जळतं.

दुसऱ्यावर नाव जुन्या इंग्रजी कंपनीचं, ‘जोसेफ रॉजर्स, शेफील्ड’. तारा आणि माल्टीज क्रॉस ही तिची दोन्ही चिन्हं होती, पण खऱ्या चाकूवर हा शिक्का पात्याच्या बुडाशी, बिजागरीजवळ ठोकलेला असतो, नख अडकतं. इथे पात्याच्या मधोमध काळा, गुळगुळीत छाप होता. दुसऱ्या दिवशी सकाळी स्पिरिटचा कापूस मुठीवर फिरवला तर तपकिरी पॉलिश कापसावर आलं आणि खाली कोरं पांढरट लाकूड. जुनं लाकूड आकसतं, पिना बोटाला किंचित वर लागतात. इथे सगळं सपाट होतं. स्पिरिट आणि कापूस खिशात ठेवूनच सौद्याला जा, विकणाऱ्याला राग आला तरी चालेल.

अकरा वाजता फोन लावला तर बंद. 1930 या सायबर हेल्पलाइनवर कळवलं, तक्रार नंबर मिळाला, पुढे काही नाही. बँक म्हणते, पैसे तुम्हीच पाठवलेत. सायबरवाले म्हणतात, माणूस समोर भेटला होता ना, मग ठाण्यात जा. ठाण्यात म्हणतात, पेमेंट ऑनलाइन आहे, सायबरला जा. चार फेऱ्या झाल्या, चारही वेळा बाकावर तास-तासभर बसलो. तिथल्या एकाने तर चाकू उघडून विचारलं, “अंकल, ये रखते क्यों हो?” साडेआठ सेंटिमीटरचं पातं! शस्त्र कायद्यातली नऊ इंचाची मर्यादा मी त्यांना सांगितली, तर म्हणाले जास्त कायदा शिकवू नका. फसवला गेलो मी आणि चौकशीही माझीच! पूर्वीचं चारशेवीस आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 झालंय. तो आकडा कागदावर लिहून नेला, चॅटचे स्क्रीनशॉट छापून नेले, तरी शेवटी साधा अर्जच घेतला. एफआयआर नाही. अर्ज दिलात तर पोच शिक्क्यासह मागा. पहिल्या फेरीत मी मागितली नाही आणि तो कागदच सापडत नाही म्हणून मला परत पाठवलं.

आणि टोकन देऊ नका. कोणालाही, कितीही गोड बोलला तरी. मराठी बोलतो म्हणून तर मुळीच नाही.

गेल्या रविवारी दुसऱ्या एका ग्रुपवर तोच डबा दिसला. मखमलीवर उजव्या कोपऱ्यात तोच जळका डाग, किंमत 26,000. मी खाली सगळं लिहिलं, तक्रार नंबरसकट. दहा मिनिटांत मला ग्रुपमधून काढून टाकलं.