कुर्ल्यातल्या गॅरेजमधे डॉज डब्ल्यूसी-५१ ला नवीन पार्ट बसवून घेतले, त्याचा रिव्ह्यू

कुर्ल्याला सीएसटी रोडवरून आत एका गल्लीत हे गॅरेज आहे, बोर्ड-बिर्ड काही नाही, बाहेर एखादी जुनी जीप उघडून ठेवलेली दिसली की समजायचं हेच. आमची गाडी डॉज डब्ल्यूसी-५१, दुसऱ्या महायुद्धातला पाऊण टनी फोर बाय फोर ट्रक. जिथे जिथे विचारलं तिथे एकच रेकॉर्ड, "साहेब डिझेल इंजिन टाका, ॲव्हरेज मिळेल." अरे बाबा, २०२१ च्या नियमाप्रमाणे ५० वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेजचा व्हीए सिरीजचा नंबर हवा असेल तर इंजिन, चासी, बॉडीत मोठी छेडछाड चालत नाही, आणि चालत असती तरी त्या सहा सिलिंडर पेट्रोलचा आवाज घालवायचा कशाला! इथल्या उस्तादांनी बॉनेट उघडून पाहिलं आणि म्हणाले, इंजिनाला हात नाही लावायचा, आधी ब्रेक बघू. तिथेच आपण फिदा.

ब्रेकचं काम एक नंबर. जुना मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल चाकांकडे ढकलणारा पंप) सिंगल सर्किट, म्हणजे एका चाकाला ऑइल गळलं की चारही चाकांचे ब्रेक गेले, आणि हे धूड रिकामंच अडीच टनाच्या वर. यांनी डबल सर्किटवाला बसवला, म्हणजे एक लाईन गळली तरी दुसरीचे ब्रेक राहतात, त्याचं ब्रॅकेट जाड प्लेटमधून बनवून घेतलं आणि चासीला आधीच असलेल्या भोकांत बोल्ट केलं, वेल्डिंग नाही, नवीन भोक नाही, उद्या जुना परत लावायचा म्हटलं तर लागतो. पुशरॉडला, म्हणजे पेडलपासून सिलिंडरला ढकलणाऱ्या दांड्याला, किंचित प्ले (मोकळीक) ठेवलाय, नाहीतर पाय काढला तरी ब्रेक धरून राहतो आणि ड्रम तापतात, हे त्यांनी मला खाली वाकवून पेडल हाताने दाबून दाखवलं. ऑइल भरायला अजूनही फ्लोअरमधूनच हात घालावा लागतो पण ते चालायचंच.

वायरिंगवर मात्र मी एवढा खुश नाही. ६ व्होल्टचं १२ केलं, बॅटरी चार्ज करणारा जुना डायनमो काढून हल्लीच्या गाड्यांसारखा अल्टरनेटर टाकला, वर त्याला ऑलिव्ह रंग मारला म्हणून पटकन कळत पण नाही. इंजिन चालू करणारा सेल्फ जुनाच ठेवलाय, १२ वर धाडकन फिरतो, जास्त वेळ दाबून धरायचा नाही. पण अल्टरनेटरचा सगळा करंट गॅरेजमधल्या पोरांनी डॅशबोर्डवरच्या जुन्या ॲमीटरमधूनच (करंट मोजणारं मीटर) फिरवला होता, रात्री हेडलाईट लावल्यावर मागची वायर हाताला गरम लागली म्हणून गाडी परत नेली. उस्ताद पोरांवर जाम भडकले, ॲमीटर बायपास करून डॅशखाली छोटा व्होल्टमीटर लावून दिला, पैसे घेतले नाहीत हे खरं, पण वायरिंग कोण करतंय ते आधी विचारा, उस्ताद स्वतः फक्त मेकॅनिकल बघतात.

पेट्रोलच्या नळ्या आणि पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) पण बदलून घेतला, हल्लीच्या ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलमधे जुनं रबर फुगतं नाहीतर तडकतं. टायर मात्र ९.००-१६ चेच ठेवले, हल्लीचे रेडियल टायर टाकले तर गाडी कुठलीतरीच दिसते.

तारखेवर तारीख देतात, फोन उचलत नाहीत, समोर जाऊन उभं राहिलं तरच काम हलतं. बिल वहीच्या पानावर, पण पार्ट आणि मजुरी वेगळी लिहिलेली, त्यात झोल नाही. आणि काढलेले जुने पार्ट न मागता पोत्यात भरून देतात, डायनमोसकट, ते भंगारात देऊ नका.