स्पेक्ट्रम की कमोडोर ६४: रंगांसाठी कुठलं घ्यावं?

दोन्ही १९८२ ची. जुन्या घरगुती कॉम्प्युटरवर रंगांचे प्रयोग करायची हौस असली, की गाडी बहुतेक वेळा याच दोघांपाशी येऊन थांबते. माझ्याकडेही काही महिने दोन्ही मशीन टेबलावर शेजारी शेजारी होती. शेवटी एकच राहिलं.

स्पेक्ट्रमची बदनामी तुम्हाला ठाऊक असेलच: ८ बाय ८ ठिपक्यांच्या चौकोनात दोनच रंग. निळ्या आभाळात पिवळा सूर्य काढला आणि त्याच्या कडेवरून लाल रेघ नेली, की त्या चौकोनांतली सूर्याची कडही लाल. डोळ्यांना खुपतं, नाही म्हणत नाही. पण हिशेब बघा. चित्राला ६१४४ बाइट, रंगांना फक्त ७६८. प्रत्येक ठिपक्याला वेगळा रंग द्यायचा तर २४ हजारांवर बाइट लागले असते, आणि सगळ्यात स्वस्त मॉडेलची मेमरीच १६ के, म्हणजे साधारण १६ हजार बाइट होती.

कमोडोरचे आठ स्प्राइट, म्हणजे मागच्या चित्राला धक्का न लावता हलणाऱ्या छोट्या आकृत्या, पार्श्वभूमीवरून सरकतात, रंग एकमेकांत सांडत नाहीत. खेळांसाठी घेणार असाल तर डोळे मिटून तेच घ्या. चित्राचं मात्र वेगळं आहे. तिथेही बारीक ठिपक्यांच्या मोडमध्ये चौकोनाला दोनच रंग. मल्टिकलरमध्ये चार मिळतात, पण ठिपका आडवा दुप्पट होतो.

माझं घोडं अडलं ते पोकपाशी, म्हणजे मेमरीतल्या एखाद्या पत्त्यावर थेट आकडा लिहायच्या आज्ञेपाशी. कमोडोरच्या बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत रेघेची आज्ञा नाही, वर्तुळाची नाही. ५३२७२ आणि ५३२६५ या पत्त्यांवर पोक करायचं, की पडद्यावर नुसता कचरा. मग ८१९२ पासून आठ हजार बाइट एकेक करून शून्य करायचे, रंगांसाठी आणखी हजार भरायचे. तो कचरा चौकोनाचौकोनाने वरून खाली पुसला जाताना मी कितीतरी संध्याकाळी बघत बसलोय. एवढं करून हाती येतो तो कोरा पडदा. चित्रांच्या आज्ञा पुरवणारं सायमन्स बेसिकचं कार्ट्रिज असेल तर हा त्रास बराच वाचतो, माझ्याकडे नव्हतं.

स्पेक्ट्रमवर ‘इंक २’, मग ‘सर्कल १२८, ८८, ४०’, आणि लाल वर्तुळ डोळ्यांदेखत उमटायला लागतं. चौकोनांची अटही हळूहळू अंगवळणी पडते. मी आधी गणिताच्या चौकटीच्या वहीत चित्र बसवायला लागलो, सूर्य आणि छप्पर एका चौकोनात येणार नाहीत अशा बेताने.

तुमचा अनुभव वेगळा असू शकेल. पण स्वतः चित्रं काढायची असतील तर मी स्पेक्ट्रमच सुचवेन. आपल्याकडे डेसिबेल्स कंपनीने परवाना घेऊन स्पेक्ट्रम प्लस काढलं होतं; ओळखीच्या कुणाच्या माळ्यावर एखादं पडलंय का, ते आधी विचारून बघा.